काटा जुळल्यावरची मूठ

पिंपळगाव रेणुकाईच्या कारभारीबद्दल भोकरदन तालुक्यात दोन मतं आहेत आणि बहुतेक लोकांची दोन्ही आहेत. पहिलं मत असं, की कारभारीएवढा स्थिर हात आसपासच्या चाळीस गावांत नाही. दुसरं असं, की कारभारीने केलेलं लग्नाचं शूटिंग जेवल्याबरोबर पाहू नये.

पहिल्या मताचं कारण तराजू. कारभारीचे वडील रखमाजी भोकरदनला बापूंच्या धान्याच्या दुकानात तोलार होते. गिऱ्हाइकाला हवं तेवढं धान्य तोलून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यानंतर कारभारी त्याच तराजूपाशी उभा राहिला. छताला टांगलेली लोखंडी दांडी, दोन्ही अंगांना परातीएवढी पारडी आणि मधे काटा. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, मग तीन. काटा मधोमध येऊन उभा राहिला की कारभारी गिऱ्हाइकाकडे पाहायचा, वजन पुकारायचा, आणि पुकारून झाल्यावर ढिगातली एक मूठ गिऱ्हाइकाच्या पारड्यात टाकायचा. बापू गादीवरून खोकायचे. हा खोकला दम्याचा नव्हता, त्या मुठीचा होता. पण रखमाजींच्या काळापासूनची मूठ, खोकून थोडीच थांबणार. पुढे दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्यावर मूठ टाकली की आकडा बदलायचा आणि गिऱ्हाइकच म्हणायचं, "जास्त झालं, काढा." कारभारीने महिनाभर हा अपमान सोसला आणि तराजूचं काम सोडलं.

दुसऱ्या मताचं कारण कॅमेरा. तो त्याच्याकडे तराजूच्या काळापासूनच होता. जालन्यातून आणलेला, दुसऱ्याने वापरून टाकलेला, खांद्यावर घ्यायचा, उसाच्या मोळीएवढा. लग्नसराईत दुकान सुटलं की कारभारी शूटिंगला जायचा. सोबत अंबडचा चांदपाशा. कारभारीने कॅमेरा धरायचा, चांदपाशाने हॅलोजनचा दिवा. आता तोल ज्याच्या हाडात मुरला आहे त्याचा कॅमेरा का हलावा? तर हात हलत नव्हतेच. हलायचे पाय. दुकानात कारभारी खांबासारखा उभा असायचा, कारण तिथे बँड नव्हता. लग्नात बँड वाजला की त्याचा उजवा पाय आपोआप सुरू व्हायचा, दुसऱ्या गाण्याला डावा, आणि नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत कॅमेरामन वरातीत सामील झालेला असायचा. गावातल्या कडूबाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये अक्षता पडताना सगळं वऱ्हाड एकदा डावीकडे कलतं, एकदा उजवीकडे. कडूबाची आजी ती कॅसेट पाहताना टीव्हीचं टेबल धरून बसायची.

त्यावरून त्याला 'भूकंपवाले कारभारी' असं नाव पडलं आणि तीस वर्षं टिकलं. समोर कुणी म्हणालं की तो हसायचा. "लग्नात जान पायजे. न हलणारं पाहायचं आसंल तर फोटो पाहा." पण नाव डाचत होतं. तोलाराला हलका म्हणा, चालेल. हलता म्हणू नये.

मग दोन वर्षांपूर्वी त्याने गिंबल पाहिला. हा दोन मुठींचा दांडा असतो, वर तीन छोट्या मोटरी. मधे कॅमेरा बसवायचा. मग धरणारा चालो, वळो, जिना उतरो, मोटरी त्याचे हिसके आपल्या अंगावर घेतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. अट एकच. बसवताना कॅमेऱ्याचा तोल असा जुळला पाहिजे, की मोटरी बंद असताना त्याला पुढे-मागे, आडवा, गोल, कसाही फिरवून सोडला तरी तो सोडला तिथेच राहील. हे ऐकून कारभारी एवढा मोठ्याने हसला, की दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक गेलं.

"पाशाभाई," तो चांदपाशाला म्हणाला, "हे तर तराजूच हाये. तीन काट्याचं."

"मंग घे," चांदपाशा म्हणाला. "पायाचं काय करतो? पायाला मोटर न्हाई."

पायासाठी साधना करावी लागली. गिंबल घेऊन चालायचं म्हणजे गुडघे वाकवून, आधी टाच, मग चवडा, घरात कुणीतरी झोपलंय अशा बेताने. रोज सकाळी कारभारी काठोकाठ भरलेला दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून अंगणातून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून परत असा चालू लागला. फोनवर बँडची गाणी लावून, कारण परीक्षा तिथेच होती. त्याच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, आठ दिवस हे पाहिलं.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"पाय शिकवून राह्यलो."

"पन्नास उलटल्यावर?"

"हात वडलांनी शिकवले. पाय शिकवायचे राह्यले त्यांचे."

"दूध सांडलं तर पाय न्हाई, कंबर शिकवीन मी." असं म्हणून त्यांनी दुधाच्या जागी पाणी भरलं, पण दुसऱ्या दिवसापासून दारात उभ्या राहून सांडलेले थेंबही त्याच मोजू लागल्या. महिन्याभराने थेंब थांबले. मग त्यांनी बँडचा आवाज वाढवला. त्यानंतरही पेला न सांडता गोठ्यापर्यंत गेला, तेव्हा दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या, "आता म्हशीला मोटर बसवा."

यानंतर कारभारीचा आत्मविश्वास, जो आधीही कमी नव्हता, घरात मावेना. म्हणून तो जालन्याला अप्पारावांच्या कारखान्यात गेला.

अप्पारावांचा बियाण्यांचा कारखाना एमआयडीसीत आहे. शेजारी सळया ओढणाऱ्या गिरण्या, समोर चहाची टपरी. विक्रेत्यांच्या मेळाव्यात दाखवायला त्यांना कारखान्याची फिल्म हवी होती आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. हरभरा वरच्या मजल्यावर यंत्रात पडतो, तिथून चाळण्या पार करत खाली पोत्यात येतो, तोलला जातो, इथपर्यंत सगळं मधे न तोडता एकाच शॉटमध्ये दिसलं पाहिजे. पुण्याची मंडळी तयार होती. कारभारी म्हणाला, मी जास्त तयार आहे.

"तुम्ही?" अप्पाराव म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

कारखान्याचा कारभार साधनाताई पाहतात. अप्पाराव फक्त मालक आहेत. साधनाताई माहेरच्या भोकरदनच्या, त्याच बापूंच्या कन्या, आणि चोवीस वर्षांपूर्वी या दोघांच्या लग्नाचं शूटिंग कारभारीनेच केलं होतं.

"कारभारीभाऊ," साधनाताई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या लग्नाची कॅसेट मी तीनदा पाह्यली. मंगळसूत्र घालताना मी दिसतच न्हाई. मांडवाचा बांबू दिसतो, मंग पंखा दिसतो, मंग परत बांबू."

"पण बांबू साफ आला ना ताई."

अप्पाराव हसले आणि लगेच थांबले. साधनाताई हसल्या नव्हत्या.

"रविवारी मशीन रिकामं असतं. या," त्या म्हणाल्या. "एक शॉट काढून दाखवा. न्हाई हलला, तर फिल्म तुमची. हलला, तर सोमवारी मी पुण्याला हो म्हणते, आणि मंग गावभर मीच सांगते की भूकंप कारखान्यातबी आल्ता."

"सांगा ताई, बिलकुल सांगा," कारभारी म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली, मात्र दुसऱ्या बाजूने. शनिवारपर्यंत पिंपळगावात, भोकरदनला आणि वाटेतल्या प्रत्येक टपरीवर ठाऊक झालं, की कारभारी रविवारी तीस वर्षांचं नाव धुऊन काढणार आहे. आता माघार घ्यायला एकही गाव उरलं नव्हतं.

फिल्मसाठी सिनेमाचा कॅमेरा हवा. तो संभाजीनगरहून भाड्याने आणला, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. दिसायला चौकोनी पाटीएवढा, पण उचलला की माणूस आदराने बोलू लागतो. चांदपाशाच्या व्हॅनमध्ये कारभारी तो मांडीवर घेऊन बसला. चांदपाशाच्या बायकोने, अनवरीने, त्यासाठी नवी गोधडी दिली होती. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला चांदपाशा "संभाल" म्हणायचा आणि कारभारी गोधडीवरून हात फिरवायचा. जणू बाळंतीण घरी चालली होती.

कारखान्यात पोत्यांच्या थप्पीजवळ टेबल मांडलं. अप्पाराव खुर्चीत बसले. साधनाताई उभ्याच राहिल्या.

कारभारीने बाह्या सरसावल्या. कॅमेरा बसवताना त्याला पाहणं ही चैन आहे. आधी त्याने कॅमेऱ्याला सगळं नेसवून घेतलं. लेन्स लावली, बॅटरी लावली, आत कार्ड घातलं, वायर आखडून बांधली.

"लेन्सचं झाकण कशाला काढलं? धूळ हाये इथं," चांदपाशा म्हणाला.

"झाकणाला वजन न्हाई का? झाकणासहित तोललं आणि मंग झाकण काढलं, तर ती फसवणूक झाली."

कॅमेऱ्याच्या पोटाला एक पट्टी लावायची असते. ती पट्टी गिंबलच्या खाचेत सरकवायची आणि पुढे-मागे करत तोल शोधायचा. कारभारीने ती सरकवली. कॅमेरा नाकावर पडू लागला. एक बोट मागे घेतला. आता पाठीवर पडू लागला. अर्धं बोट पुढे. मग केसभर. मग त्याने हात काढून घेतले आणि कॅमेरा हवेत सपाट राहिला. आकाशाकडे तोंड करून सोडला, तसाच राहिला. जमिनीकडे करून सोडला, तसाच राहिला. कारभारीने अप्पारावांकडे पाहिलं, खड्या आवाजात म्हणाला, "लाभ," अंगठा पट्टीवरून फिरवला आणि खिट्टी आवळली.

मग आडवा तोल. "दोन." अंगठा, खिट्टी. मग गोल फिरण्याचा. "तीन." अंगठा, खिट्टी.

"आता पाहा," असं म्हणून त्याने मोटरी चालू केल्या.

गिंबल गुरगुरू लागला. मोठा आवाज नव्हता, भांड्यात माशी अडकावी तसा. छोट्या पडद्यावर हरभऱ्याचा ढीग दिसत होता आणि तो थरथरत होता. प्रत्येक दाण्याला हुडहुडी भरली होती.

"कारभारी," चांदपाशा हळूच म्हणाला, "याला ताप चढून राह्यला."

"नवी जागा हाये. लाजून राह्यलं."

मोटरी बंद केल्या. सगळ्या खिट्ट्या सोडल्या, पुन्हा पहिल्यापासून. पट्टी, बोट, अर्धं बोट, केस. हात काढले, कॅमेरा राहिला. लाभ, दोन, तीन. मोटरी चालू. गुर्र. हरभऱ्याची थंडी कमी झाली नव्हती.

तिसऱ्यांदा केलं. तीच कहाणी. कारभारीने बॅटरीला दोष दिला, मग शेजारच्या गिरणीच्या धक्क्यांना. गिरणी रविवारी बंद होती. त्याचा आवाज अजून खडा होता, पण कपाळावरचा घाम खरं बोलत होता. चांदपाशाने घड्याळ पाहिलं. सहापर्यंत संभाजीनगर गाठायचं तर चारला निघायला हवं होतं आणि अडीच वाजून गेले होते. अप्पारावांनी खुर्चीतून अर्धं उठत विचारलं, "मंग... सोमवारी पुण्याला..."

"थांबा," साधनाताई म्हणाल्या. त्या टेबलाजवळ आल्या. "कारभारीभाऊ, अजून एकदा करा. माझ्यासमोर. जल्दी करू नका."

चौथ्यांदा कारभारीने पट्टी सरकवली. केसभर मागे, केसभर पुढे. हात काढले. कॅमेरा हवेत राहिला. साधनाताईंनी स्वतः तो बोटाने खाली वळवला आणि सोडला. जागचा हलला नाही.

"बराबर हाये?"

"बराबर हाये ताई."

"बसवा मंग."

"लाभ," कारभारी म्हणाला आणि त्याचा अंगठा पट्टीकडे निघाला. साधनाताईंनी त्याचं मनगट धरलं.

"हे काय करून राह्यले?"

"काय?"

"अंगठ्यानं काय करून राह्यले?"

कारभारीने स्वतःच्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या गावाहून आला होता. "खिट्टी आवळून राह्यलो."

"खिट्टी नंतर. आधी पट्टी पुढं ढकलता तुम्ही. दर टायमाला. तोल जुळला, आकडा पुकारला, आणि मंग केसभर पुढं. मी तीनदा पाह्यलं." त्यांनी मनगट सोडलं नाही. "मी सात वर्षांची होते तवापासून बापूंच्या गादीवर बसून हेच पाह्यलं. काटा जुळला की तुम्ही पुकारायचे, आणि मंग मूठ टाकायचे. बापू खोकायचे."

कारभारीने अंगठा बाकीच्या बोटांत लपवला.

"कारभारीभाऊ, इथं गिऱ्हाईक कोन हाये?" साधनाताई म्हणाल्या. "कोनाला मूठ देऊन राह्यले? मोटरीला न्हाई लागत ती. जास्तीचं वजन उचलून उचलून ती थरथरते बिचारी."

चांदपाशा खाली बसला आणि हसू लागला. तो एवढा हसला, की त्याला पोत्याला टेकावं लागलं. "तीस साल," तो म्हणाला, "तीस साल मी दिवा धरून उभा राह्यलो ह्याच्याजवळ. मला वाटलं पायच खराब हायेत. अंगठाबी."

कारभारी मात्र हसला नाही. त्याने हात पँटला पुसले. "पाशाभाई, ऊठ. माझा अंगठा धर."

"काय?"

"धर म्हणतो ना. तो माझं ऐकत न्हाई."

आणि मग जालना एमआयडीसीत, भर दुपारी, दोन पोक्त माणसांनी मिळून एक कॅमेरा बसवला. एकाने पट्टी सरकवली आणि दुसऱ्याने पहिल्याचा अंगठा मुठीत घट्ट धरून ठेवला. लाभ म्हटल्याबरोबर अंगठा सुटायला धडपडला. "देख, देख, चाललाच," चांदपाशा म्हणाला आणि त्याने पकड आवळली. खिट्टी साधनाताईंनी बसवली. दोन. तीन.

मोटरी चालू केल्या. काही ऐकू आलं नाही. कारभारीला वाटलं, चालूच झाल्या नाहीत, म्हणून त्याने दांडा डावीकडे कलता केला. दांडा कलला, कॅमेरा कलला नाही. पडद्यावर हरभऱ्याचा ढीग देवळातल्या देवासारखा स्थिर होता.

"चला," कारभारी म्हणाला, आणि त्याचा आवाज घामासकट परत खडा झाला.

यंत्र सुरू झालं. तो शॉट साडेतीन मिनिटांचा आहे. कारभारी वरच्या मजल्यावर, जिथे हरभरा धबधब्यासारखा यंत्रात पडतो, तिथून निघाला. गुडघे वाकवून, टाच आधी, चवडा नंतर. यंत्राचा आवाज बँडपेक्षा मोठा होता आणि त्याला एक ठेकाही होता. चांदपाशा मागे श्वास रोखून चालत होता. कारभारीच्या उजव्या पायाकडे पाहत होता. पाय शिकलेला निघाला. लोखंडी जिना उतरताना कारभारी बदकासारखा दिसत होता, पण पडद्यावर एखादी घार पंख न हलवता उतरावी तसा कारखाना खाली येत होता. चाळण्या, खड्यांचा वेगळा झालेला ओघळ, पिवळे टपोरे दाणे, आणि शेवटी पोत्याचं उघडं तोंड.

पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं. तिथे मिथुन नावाचा कामगार उभा होता. दाणे पडत होते, लाल आकडे चढत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, साडेएकोणतीस. कारभारी कॅमेरा पोत्याच्या तोंडाशी घेऊन आला. आकडा तीसवर थांबला. मिथुनने दाण्यांची धार बंद केली. इथे शॉट संपायचा होता.

तेवढ्यात पडद्याच्या कडेतून एक हात आत आला. काळासावळा, मनगटावर लाल दोरा, बाही दुमडलेली. त्याने बाजूच्या ढिगातून मूठभर हरभरा उचलला, पोत्यात टाकला आणि जसा आला तसा निघून गेला.

अप्पारावांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचाच हात."

कारभारीने मोटरी बंद केल्या आणि हाताकडे पाहिलं. या खेपेला आश्चर्य वाटलं नाही त्याला. अंगठा धरला, पण बाकीची चार बोटं मोकळीच राहिली होती.

"काही हरकत न्हाई," अप्पाराव म्हणाले, "टाइम हाये, परत घेऊ. फक्त हात..."

"आधी दाखवा," साधनाताई म्हणाल्या.

चौघं छोट्या पडद्याभोवती गोळा झाले, मिथुन पाचवा. हरभरा पडला, जिना उतरला, पोतं भरलं, हात आला, मूठ टाकली, हात गेला. साधनाताईंनी शेवट पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पाहताना त्या खोकल्या. तो खोकला कारभारीला ओळखीचा वाटला.

"हलला का ताई?" कारभारीने विचारलं. दिवसभरात त्याने मनापासून विचारलेला हा एकच प्रश्न होता.

"तुम्ही एक हात सोडला, तवाबी न्हाई हलला," साधनाताई म्हणाल्या. मग अप्पारावांकडे वळल्या. "परत न्हाई घ्यायचा. हात राहू द्या. आणि पुण्याला आत्ताच न्हाई म्हणून फोन करा, सोमवारची वाट कशाला पाहायची."

अप्पाराव फोन घेऊन बाहेर गेले. चांदपाशा गोधडी शोधू लागला. मिथुन अजून काट्यापाशीच उभा होता, पोत्याच्या तोंडावर हात ठेवून.

"मॅडम, आकडा तीसच्या वर दाखवून राह्यला. मूठ काढू?"

"राहू दे," साधनाताई म्हणाल्या. "शिव तोंड."

कारभारी कॅमेऱ्याच्या खिट्ट्या सोडत होता. पाठमोराच म्हणाला, "ताई, पुढच्या साली तुमच्या लग्नाला पंचवीस होतात."

"मोजून ठेवले का?"

"तोलार हाये मी."

साधनाताईंनी पडद्यावर थांबलेल्या त्या हाताकडे पुन्हा पाहिलं. "या," त्या म्हणाल्या. "पण मंगळसूत्र दिसलं पायजे. बांबू पाह्यला मी भरपूर."